बैलाला पाणी दाखवता, स्वतःचे काय?
(परभणी जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. आता पाण्यावर बोलायचे आहे. पाणी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे जायकवाडीचा कालवा येतो, दुधनेचे धरण येते, कोरडा पडलेला बोअर येतो. ते पाणी आज बाजूला ठेवू. आज बोलायचे ते पोटात जाणाऱ्या पाण्यावर. काहीजण हसत आहेत. पाणी प्यायला काय शिकवायचे, असे त्यांच्या मनात आले असेल. खरे आहे. तहान लागली की माणूस पितो. पण शेतात काम करणारा माणूस दिवसभरात किती पितो याचा हिशेब आपल्यापैकी कोणी केला आहे का? खताच्या पोत्याचा हिशेब आहे, सरकीच्या पाकिटाचा आहे, पाण्याच्या पेल्याचा नाही.

औत सोडल्यावर आपण पहिले काय करतो? बैल हौदावर नेतो. बैलाने पाणी प्यायल्याशिवाय त्याच्यापुढे कडबा टाकत नाही. दुपारी पुन्हा जुंपण्याआधी पुन्हा पाणी दाखवतो. बैलाने तोंड फिरवले तर घरी येऊन सांगतो, आज ढवळ्याने पाणी घेतले नाही, काहीतरी बिघडले आहे. त्याच घरात बायको सकाळी सात वाजता वेचणीला गेली, तीन वाजता परत आली, तिने पाणी घेतले का, हे विचारण्याची रीत नाही. तिचीही विचारण्याची नाही आणि आपलीही सांगण्याची नाही.

आता शरीरात काय होते ते साध्या भाषेत सांगतो. उन्हात काम करताना अंग तापते. ते थंड ठेवण्याचा शरीराजवळ मुख्य उपाय एकच, घाम. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर असतो, तेव्हा बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असते. घाम वाळतो तेव्हाच अंग निवते. धसकटे वेचणारा, पऱ्हाटी उपटणारा माणूस अशा उन्हात तासाला एक लिटरच्या आसपास घाम गाळू शकतो. हे पाणी येते रक्तातून. ते भरून निघाले नाही तर रक्त आटते, काळजाला जास्त जोर लावावा लागतो, डोके दुखते, पायात गोळे येतात, माणूस चिडचिडा होतो. संध्याकाळी घरी येऊन लेकरांवर खेकसणारा बाप पुष्कळदा रागावलेला नसतो, सुकलेला असतो.

आणि तहान उशिरा लागते. तहान लागली असे कळते तोवर अंगातले बरेच पाणी गेलेले असते. त्यातून आपल्या गड्यांच्या गालात तंबाखूचा बार असतो. बार भरला की पाणी प्यायला थुंकावे लागते, चूळ भरावी लागते, मग राहू दे म्हणून काम पुढे चालते. दुपारी हॉटेलात अर्धा कप चहा होतो. चहाने अंगातले पाणी निघून जाते असे म्हणतात, त्यात फारसे तथ्य नाही. पण अर्ध्या कपात पाणी ते किती येणार?

म्हणून तहानेवर विसंबू नका, लघवीच्या रंगावर नजर ठेवा. यात लाजण्यासारखे काही नाही. फिकट, सुक्या कडब्यासारखा रंग असेल तर ठीक. गडद पिवळा, मोहरीच्या तेलासारखा असेल आणि जळजळ होत असेल, तर पाणी कमी पडते आहे. दिवसभरात एकदाच लघवीला गेलात तर हे समजायला डॉक्टर नको. मुतखडा ज्याला झाला त्याला विचारा, ती कळ काय असते. खडा पुन्हा होऊ नये म्हणून डॉक्टर सांगतात की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. प्यायचे किती नव्हे, लघवी किती, ते लक्षात घ्या. उन्हात काम करणाऱ्याचे अर्धे पाणी घामातच जाते, म्हणजे त्याने शहरातल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त प्यायला हवे.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वाडोर नावाचे देश आहेत. तिथल्या उसाच्या फडात ऐन तारुण्यातल्या मजुरांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. ना साखरेचा आजार, ना रक्तदाब. हजारो माणसे गेली. कारणांवर अजून अभ्यास चालू आहे, पण रोजच्या रोज उन्हात राबणे आणि अंग सुकणे हे त्यातले मोठे कारण असल्याचे मानतात. तिथे काही कारखान्यांच्या फडावर उपाय सुरू झाला तो तीन शब्दांचा : पाणी, सावली, विश्रांती. आपल्या जिंतूर, गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून दर दिवाळीनंतर कोयते निघतात. त्या कोयत्यांवर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि अंग ठणकते म्हणून रोज दुखण्याच्या गोळ्या खाऊन कामाला जाणारे आहेत, त्यांनी विशेष. सुकलेल्या अंगात त्या गोळ्या किडनीला मार देतात.

आमच्या चळवळीच्या माणसांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा भर दुपारी उघड्या मैदानावर झाला. लाखो माणसे उन्हात बसली. पारा ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या मानाने काहीच नाही. तरी १४ माणसे उष्माघाताने गेली. समुद्राकाठची दमट हवा, घाम वाळत नाही. मांडव पुढाऱ्यांच्या डोक्यावर होता, लोकांच्या डोक्यावर आकाश. आपणही मोर्चे काढतो, रास्ता रोको करतो, १९८४ साली याच परभणीत शेतकरी संघटनेचे अधिवेशन भरले होते. आपल्या कार्यक्रमाची तारीख आणि वेळ ठरवताना आधी पाणी आणि सावली कुठे आहे ते पाहावे, वक्ते नंतर ठरवावेत.

आता मुख्य प्रश्नावर येतो. पाणी पिण्याची सवय का लागत नाही? पुस्तकात लिहितात की मनाचा निश्चय करा. निश्चयाने काही होत नाही. माणूस पाणी पितो ते पाणी हाताशी असेल तर. तुमचे तास पाच एकराच्या त्या टोकाला आणि डेरा आखाड्यावर या टोकाला, तर कोण जाईल? वेचणी किलोवर असते. पाणी प्यायला गेले की तेवढा कापूस कमी भरतो, म्हणजे पाण्याचा पेला मजुरीतून कापला जातो. उभ्या तासात डोळा चुकवून चालत जाणे बाईला परवडत नाही.

जुन्या माणसांजवळ अक्कल होती. गाडीला कातड्याची नाहीतर जाड कापडाची छागल लटकलेली असे, खांद्याला वाळलेला भोपळा असे. पाणी माणसाबरोबर चालायचे. आज प्लास्टिकची बाटली आहे, पण ती दुपारपर्यंत चहासारखी गरम होते आणि कोणी पीत नाही. तिच्यावर ओले फडके गुंडाळा, पाणी पिण्याजोगे राहते. ओले फडके फुकट मिळते, जारवाला पैसे घेतो.

हिशेब करा. जगभर उन्हात काम करणाऱ्यांसाठी जे प्रमाण सांगतात ते असे : दर वीस मिनिटांनी एक पेला, पाव लिटर. म्हणजे तासाला पाऊण लिटर. सहा तासांचे झाले साडेचार लिटर. तुमच्या शेतात दहा बाया असतील तर ४५ लिटर, पंधरा लिटरच्या तीन घागरी. आणि आपण नेतो किती? एक कळशी, तीही अर्धी हिंदकळलेली, आणि ती वाहून नेते बारा वर्षांची पोर. थंडीच्या दिवसांत एवढे लागणार नाही, निम्मे पुरेल. पण उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात तीन घागरींची सोय ज्याचे शेत त्याने करायची. औतफाट्याची सोय करतो तशी. भाव काढणाऱ्या कृषिमूल्य आयोगाला आमचा जुना प्रश्न आहेच : पाणी वाहणाऱ्या त्या पोरीचा वेळ तुमच्या कोणत्या रकान्यात लिहिता?

मायबहिणींनो, आता जे बोलायचे ते सभेत बोलत नाहीत. बाया पाणी का पीत नाहीत, याचे खरे कारण तहान नाही, आडोसा आहे. सपाट काळे रान, कापूस कमरेइतका, गडी आजूबाजूला. पाणी प्यायले तर जावे लागेल, जायला जागा नाही, म्हणून पहाटे अंधारात जाऊन आलेली बाई दिवस मावळेपर्यंत कळ काढते. मग जळजळ, ताप, ओटीपोट दुखणे आणि दवाखान्याचा खर्च. गेल्या दहा-बारा वर्षांत गावात संडास बांधले गेले, शेतात नाही. बांधावर चार बांबू आणि जुन्या पोत्यांचा आडोसा उभा करायला एक तास लागतो. आम्हाला विचाराल तर पाणी प्या म्हणून शंभर भाषणे करण्यापेक्षा तो आडोसा जास्त कामाचा आहे.

डेऱ्याची दुसरी गोष्ट. अजूनही काही शिवारांत पेला वेगळा असतो, काहीजणांना ओंजळीत वरून पाणी ओततात. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ रोजी. शंभरी भरत आली. ओंजळीत पाणी घेणारा माणूस दुसऱ्यांदा मागत नाही, तहानलेलाच कामाला लागतो. आपल्या संघटनेच्या माणसाच्या शेतात एकच डेरा, एकच ओगराळे आणि प्रत्येकाला सारखा पेला असला पाहिजे. ज्याला हे जमत नसेल त्याने छातीवरचा बिल्ला काढून ठेवावा.

फवारणीच्या दिवसांत जास्त जपायचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. फवारणीचे पाणी आणि प्यायचे पाणी एका जागी ठेवू नका. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात प्यायचे पाणी भरू नका. साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय पेल्याला हात लावू नका.

नुसते पाणीही पुरत नाही. घामात मीठ जाते. आपल्या भाकरीबरोबर ठेचा, कांदा, मीठ असते ते योग्यच आहे. ज्वारीची आंबील आणि मीठ घातलेले ताक यांच्यासारखे दुसरे पेय बाजारात नाही, रंगीत बाटलीत तर नाहीच. जुलाब झाले किंवा अंग फारच गळाले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्यावर हजारो जीव वाचवले.

उन्हातून आल्याबरोबर पाणी पिऊ नये असे घरोघरी सांगतात. दोन तांबे घटाघटा प्यायले तर मळमळते, हे खरे. सावलीत टेका, घोट घोट प्या. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका, त्यानेही अपाय होतो. ज्यांना काळजाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरला विचारून ठरवावे. आणि एखादा माणूस उन्हाने बरळू लागला, बेशुद्ध पडला, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते छातीत जाते. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्याला गाडी काढा. पाणी ओतणे वाटेतही थांबवू नका.

राहिला बाजार समितीचा विषय. एकाधिकार खरेदीच्या काळात गाड्यांच्या रांगा दोन-दोन दिवस लागायच्या, बैल तहानेने हंबरायचे. आता ट्रॅक्टर आणि टेंपो हंबरत नाहीत, त्यामुळे कोणाला ऐकू जात नाही इतकेच. मागच्या हंगामात एका खरेदी केंद्रावर आमची माणसे सकाळपासून काट्यासमोर उभी होती. पाण्याची टाकी होती, तोट्या होत्या, पाणी नव्हते. बाहेर टपरीवर बाटली विकत. आपल्या मालावर समिती सेस घेते. त्या सेसमधून काट्याजवळ पिण्याचे पाणी, सावली आणि बायांसाठी स्वच्छतागृह मागणे आपला हक्क आहे.

तेव्हा ठरावात तीन ओळी वाढवू. बाजार समित्यांना पाण्याचे निवेदन, नऊही तालुक्यांतून एकाच दिवशी. आपल्या सभासदांच्या शेतात माणशी पाण्याचे माप आणि आडोसा. तिसरी ओळ बायांनी सांगावी, कारण वेचणीच्या वेळी पाण्याची सुट्टी मजुरीत कशी धरायची हे त्यांना जास्त कळते. सेलू आणि मानवतच्या बायांनी आधी बोलावे, त्यांच्याकडे वेचणी मोठी असते. माईक त्यांच्याकडे द्या. आणि तो मागचा रांजण रिकामा झालेला दिसतो, कोणीतरी उठून भरा.