समुपदेशकाच्या खुर्चीत बसल्यानंतर

तुमच्यापैकी बरेच जण मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू करताहेत, म्हणून थेट बोलतो. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात सांगितलं की, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. जागा निघतील. पण त्या खुर्चीत बसलेला माणूस पाच वर्षांनी कुठे असेल?

गणिताच्या सरांना स्टाफरूममध्ये दुसरे गणिताचे सर भेटतात. समुपदेशक शाळेत बहुधा एकटाच असतो. ऐकलेलं चहाच्या टेबलावर सांगता येत नाही, आणि वर प्रॉक्सी तास त्याच्याच माथी. म्हणून या पेशात सुपरव्हिजन लागतं: आपल्यापेक्षा अनुभवी समुपदेशकासमोर, मुलाचं नाव न घेता, आपलं काम नियमितपणे तपासून घेणं. कार्यशाळेच्या प्रमाणपत्रांनी फाइल जाड होते. माणूस तयार होतो तो इथे.

समजा, नववीतली मुलगी म्हणाली, "सर, किसीको बोलना मत." तुम्ही शब्द दिलात आणि तिने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून काय गुप्त राहील आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत सांगायचं. वाक्य सोपं आहे, पण घाबरलेल्या मुलीसमोर ते नीट म्हणायला सराव लागतो.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. उर्दू माध्यमातलं मूल "नैराश्य" म्हणत नाही, "घबराहट होती है" म्हणतं. ते तुम्हाला लगेच कळेल, ही तुमची मोठी जमेची बाजू. पण त्याच मोहल्ल्यात त्याची अम्मी तुमच्या खालाची शेजारीण असते, आणि ईदच्या दिवशी "हमारा बच्चा क्या बोला?" असं विचारते. तिथे हसून विषय बदलणं कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

शिक्षक असाल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा बघा. त्यात प्रत्यक्ष कामाचाही टप्पा आहे. आणि मुलाखतीत पगाराआधी विचारा: दार बंद होणारी खोली आहे का, आणि सुपरव्हिजनसाठी महिन्यातून अर्धा दिवस मिळेल का?