संगणकाचा पडदा काळा पडल्यास
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मजकडे सोपविलेला विषय काहीसा रूक्ष आहे. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाचा पडदा एकाएकी काळा पडला, अक्षरे अवाढव्य दिसू लागली, किंवा चित्र अडखळत उमटू लागले, तर आपण काय करावे, हे मला सांगावयाचे आहे. मी या विद्येतील तज्ज्ञ नव्हे. माझ्या हातून एक चूक घडली व तिची भरपाई होऊ शकली नाही. ती आपल्या हातून घडू नये, एवढ्याचसाठी मी येथे उभा आहे.

२०२२ साली आमच्या चौथीच्या मुलांनी गावातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडून जात्यावरील ओव्या ऐकून त्या मोबाइलवर मुद्रित केल्या आणि शाळेच्या एकुलत्या एक संगणकात साठविल्या. पुढील वर्षीच्या जूनमध्ये मी प्रणालीचे अपडेट उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करतो, तो पडद्यावर काळोख! मी गडबडलो. कोणास न विचारता हार्ड डिस्क पुसून सर्व प्रणाली नव्याने बसविली. पडदा उजळला, ओव्या मात्र गेल्या. त्या म्हणणाऱ्यांपैकी दोघी आजी तोवर निवर्तल्या होत्या.

काही महिन्यांनी, पुन्हा एका अपडेटनंतर, तोच प्रकार घडला. या खेपेस आमच्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी सुटीस गावी आला होता. त्याने संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून जुना कर्नल निवडला आणि दोन मिनिटांत पडदा पूर्ववत झाला. हार्ड डिस्कवरील एका अक्षरासही धक्का लागला नव्हता. पहिल्या वेळीही बहुधा हेच झाले असावे, हे ध्यानात येताच मला जे वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

असो. हा दोष उद्भवतो कसा, ते प्रथम पाहू. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. पडद्यावरील चित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्स चिप करते; परंतु गाभ्याची भाषा तिला थेट कळत नाही. त्या दोहोंमधील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. इंटेल व एएमडी यांच्या चिपांचे दुभाषे लिनक्सच्या कर्नलसोबतच येतात. यास्तव कर्नल बदलला की तेही त्याबरोबर बदलतात. एन्व्हिडियाच्या कार्डांसाठी कर्नलमध्ये नूवो नावाचा ड्रायव्हर आहे. त्याखेरीज कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. हा वेगळा दुभाषा प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावा लागतो. ते काम बहुधा डीकेएमएस नावाची योजना आपोआप करते. परंतु त्यासाठी नव्या कर्नलच्या हेडर फाइली संगणकात असाव्या लागतात. त्या नसल्यास दुभाषा घडत नाही आणि पडदा मुका राहतो. आमच्या संगणकात नेमक्या त्याच फाइली नव्हत्या.

आता दोषशोधनाचा क्रम सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, संगणक सुरू होताना कंपनीचे चिन्ह पडद्यावर उमटते की नाही, ते पाहावे. तेही न उमटल्यास ड्रायव्हरला दोष देऊ नये; तो त्या वेळी कामास लागलेलाच नसतो. मॉनिटरचा वीजपुरवठा व केबल तपासावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्या कार्डालाच जोडली आहे ना, हे पाहावे. झाडलोट करताना केबल निघून भलत्याच जागी जोडली जाणे, हे आपल्या शाळांत अशक्य नाही.

दुसरी गोष्ट, चिन्ह उमटून नंतर काळोख झाल्यास कळफलकावरील कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक जिवंत आहे, केवळ त्याचे चित्र हरपले आहे. कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळा एकत्र दाबल्यास पुष्कळदा केवळ अक्षरांचा पडदा येतो व तेथे नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत जाता येते.

तिसरी गोष्ट, संगणक पुन्हा सुरू करताना एस्केप, किंवा जुन्या यंत्रावर शिफ्ट, ही कळ दाबून ग्रब नावाची यादी आणावी. तीत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स या सदराखाली आधीचा कर्नल निवडावा. तो नीट चालला, तर दोष नव्या कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये आहे, हे जवळजवळ ठरलेच. मग हेडर फाइली बसवून ड्रायव्हर पुन्हा घडवावा.

चौथी गोष्ट, जुन्या कर्नलनेही काम न झाल्यास त्याच यादीत ई ही कळ दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीत लिहावा व एफ१० दाबावे. चित्र ओबडधोबड येईल, पण येईल. हा उपाय त्या एका वेळेपुरताच असतो. तो औषध नव्हे, रोग्याला वैद्यापर्यंत नेणारी डोली होय.

पडदा दिसू लागताच, काहीही दुरुस्त करण्यापूर्वी, मुलांचे काम व शाळेच्या नोंदी पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. नंतर टर्मिनल उघडून एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरे, एक जागा, आडवी रेघ आणि तिला लागून के, असा आदेश द्यावा. येणाऱ्या यादीत व्हीजीए शब्द असलेल्या ओळीखाली, कोणता ड्रायव्हर वापरात आहे, ते लिहिलेले असते. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ असे दिसल्यास, चिप स्वस्थ बसून सारे चित्रकाम मुख्य प्रोसेसर करीत आहे, असे समजावे. चित्र अडखळण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आणखी दोन कारणे ध्यानात असावीत. सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारीत नाही. अशा वेळी ड्रायव्हर बसविल्यानंतर, पुढील प्रारंभी निळ्या पडद्यावर परवलीचा शब्द विचारला जातो, तो घाईने टाळू नये. तसेच जुन्या कार्डाला नवा ड्रायव्हर चालत नाही. जीफोर्स २१० या कार्डाला ३४० या मालिकेचा ड्रायव्हर लागतो व त्या मालिकेचा आधार २०१९ अखेर संपला. अशा कार्डावर नूवोच वापरणे श्रेयस्कर. आणि ड्रायव्हर एकाच मार्गाने बसवावा. प्रणालीच्या भांडारातून एक व कंपनीच्या संकेतस्थळावरून दुसरा, अशी सरमिसळ करू नये.

बंधुभगिनींनो, विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की, आधी निरीक्षण करा, एका वेळी एकच गोष्ट बदला, जे घडले ते वहीत लिहा आणि मगच अनुमान काढा. हेच मी स्वतः विसरलो. आज आमच्या संगणकाशेजारी दोरीने बांधलेली एक वही आहे. कोणत्या दिवशी काय बदलले, पडद्यावर काय दिसले, हे तीत मुलेच लिहितात. शेवटचा उपाय प्रथम करावयाचा नाही, हे वाक्य तिच्या पहिल्या पानावर मी माझ्या हाताने लिहिले आहे.

गेलेल्या ओव्या परत आल्या नाहीत. उरलेल्या आजींकडे मुले पुन्हा गेली. जेवढे मिळाले, तेवढे आता दोन ठिकाणी जपून ठेवले आहे. आपल्या शाळेतील असा ठेवा आजच दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.