घरची शाळा आणि दूरचे गुरुजी



मूल शाळेत घातले की त्याच्या शिक्षणाची काळजी गुरुजींची, असे आपण मानतो. पण शाळाच घरापासून चारपाचशे किलोमीटरवर असली तर? मग आईलाच पुस्तक उघडून बसावे लागते. ती बसतेही, पण मनात एक शंका राहते. मी शिकवते ते बरोबर आहे ना? आणि विचारू तरी कुणाला?

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या रुक्ष मुलखात अशी पुष्कळ घरे आहेत. तिथे माणसे गुरांचे मोठमोठे कळप राखतात. वस्ती म्हणजे बहुधा एकच घर, आणि शेजारी कित्येक मैलांवर. पूर्वी या मुलांचे धडे टपालाने येत. सोडवलेल्या वह्या टपालानेच जात आणि तपासून परत येईपर्यंत मूल काय चुकले होते तेच विसरून जाई.

या वस्त्यांवर डॉक्टर विमानाने जात. त्यांना निरोप पोचावा म्हणून आल्फ्रेड ट्रेगर यांनी सायकलसारखा पायाने चालवायचा रेडिओ तयार केला होता. डॉक्टरांना हाक जाते, तर गुरुजींना का जाऊ नये? ही कल्पना ॲडलेड मीथके या शिक्षिकाबाईंची. ८ जून १९५१ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज गावी ही 'हवेतली शाळा' रीतसर सुरू झाली. आधी नुसतेच गुरुजी बोलत. लवकरच मुलांनाही प्रश्न विचारता येऊ लागले. आज रेडिओच्या जागी उपग्रहावरून येणारे इंटरनेट आहे. वर्षातून निदान एकदा शिक्षक प्रत्येक मुलाच्या घरी जातात. तरीही रोज मुलाशेजारी बसते ती बहुतेक घरांतून आईच.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. शिक्षक दूर असले म्हणजे त्यांना दिसते फक्त वही. समजा, बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत. मुलाने पस्तीस लिहिले. आईला वाटते, गुरुजी काय म्हणतील? ती खोडून पंचवीस लिहायला लावते. वही सुंदर दिसते, गुरुजी पुढचा धडा धाडतात, आणि मूल मात्र होते तिथेच राहते!

तोच पस्तीस तसाच राहू दिला असता, तर जाणत्या शिक्षकाने लगेच ओळखले असते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोराने सातातूनच दोन काढले. मग त्यांनी आईला सांगितले असते : बाई, दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या बांधा, दोन काड्या सुट्या ठेवा. एक जुडी त्याच्या हातानेच सोडू द्या. बघा, हातचा म्हणजे काय ते कसे झटकन कळते!

म्हणून आयांनो, चूक झाकू नका. वहीच्या कडेला दोन ओळी लिहा : इथे अडला, मी असे समजावले, तरी जमले नाही. 'मुलगा लक्ष देत नाही' एवढेच लिहिले तर गुरुजी तरी काय सुचवणार? कधी बसतो, किती वेळ बसतो, कुठे उठून पळतो, ते लिहा.

आणि गुरुजनहो, अशी वही हाती आली की नुसती लाल रेघ ओढू नका. ती रेघ आईलाही लागते. तिचे काय बरोबर झाले ते आधी सांगा. मग उद्या करता येईल अशी एकच युक्ती सांगा. दहा सूचना दिल्यात तर चूल, गोठा सांभाळून ती कुठली करील?

हे सारे परमुलखातले, असे म्हणू नका. २०२० साली करोनाच्या साथीत आपल्याही शाळा बंद झाल्या. ओट्यावर, पडवीत घरोघरी वह्या उघडल्या गेल्या. ज्या घरी गुरुजींचा फोन येत होता, 'कुठे अडलंय?' असं कुणी विचारत होतं, तिथल्या आईला केवढा धीर आला असेल!

आज शाळा भरते आहे. तरी संध्याकाळी मुलाची वही उघडा. चूक दिसली तर खोडरबर जरा बाजूला ठेवा, आणि उद्या ती वही तशीच गुरुजींना दाखवा.