रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, मग अंगठा का सुजतो?

आज कोडिंगला सुट्टी. पण गणित थोडं लागणारच.

माझ्या काकांचा पायाचा अंगठा वर्षभर अधूनमधून सुजायचा. नुसती चादर लागली तरी कळ जायची. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड मात्र नॉर्मल! घरात निकाल लागला: 'गाऊट नाही, बूट चावत असेल.'

आता हे नीट ऐका. गाऊटचा झटका चालू असताना रक्तातला आकडा नॉर्मल येऊ शकतो. खरं दुखणं सांध्यात साचलेल्या युरेटच्या स्फटिकांचं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर ते हाड पोखरतात.

पक्की तपासणी म्हणजे सुईने सांध्यातलं पाणी काढून मायक्रोस्कोपखाली बघायचं. पण दरवेळी पाणी मिळतंच असं नाही. तिथे कामाला येतो ड्युअल एनर्जी सीटी.

साध्या सीटीत दाट गोष्ट पांढरी दिसते. ती कॅल्शियम आहे की युरेट, हे सांगणं अवघड. ड्युअल एनर्जीत तोच सांधा दोन वेगळ्या एनर्जीवर स्कॅन होतो, साधारण ८० आणि १४० किलोव्होल्टवर. कॅल्शियम दोन्हीकडे बरंच वेगळं दिसतं, युरेट जवळपास सारखंच. शाळेतलं आठवतंय? दोन अज्ञातं असली की एक समीकरण पुरत नाही, दोन लागतात. अगदी तेच! मग सॉफ्टवेअर युरेटला रंग देतं, बहुतेकदा हिरवा.

काकांच्या सांध्याजवळ हिरवे ठिपके दिसले. डॉक्टरांनी ते लक्षणांशी ताडून पाहिले आणि गाऊटचं औषध सुरू केलं.

पण म्हणून उद्याच स्कॅनला पळू नका. पहिलाच झटका असेल तर स्फटिक इतके थोडे असू शकतात की स्कॅनमध्ये दिसणारही नाहीत. उलट नखापाशी किंवा जाड कातडीत खोटा हिरवा रंग उमटू शकतो. शिवाय हा एक्स-रेच, थोडं का होईना रेडिएशन आलंच.

म्हणून डॉक्टरांना 'सीटी काढू का?' एवढंच विचारू नका. विचारा, 'यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळेल, आणि त्याने माझे उपचार बदलतील का?'

घरात कुणाचा अंगठा असा सुजत असेल, तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!