हाडांचा कर्करोग : दोष कोठे असतो, उपचार कोठवर पोचला

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



संयोजकांनी आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मला संकोच वाटला. मी बी. कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या घरात हाडाचा कर्करोग आला आणि तेव्हापासून त्याविषयी जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे पडताळले, त्याचा जमाखर्च आपल्यापुढे मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझ्या थोरल्या बंधूंचा नातू देसाईगंजला शिकत होता. वय पंधरा. कबड्डी खेळताना गुडघ्याला मार बसला असे सर्वांनी गृहीत धरले. दुखणे दिवसा कमी, रात्री अधिक. झोपेतून उठून बसे. वाढत्या वयाचे दुखणे म्हणून आम्ही तेल लावले, शेक दिला, पंचक्रोशीत नावाजलेल्या एका हाडवैद्याकडून मालिशही करून घेतली. असे तीन महिने गेले. शाळेच्या गणवेशाची नवी पँट एकाच गुडघ्यावर घट्ट होते, ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती आमच्या शिंप्याच्या. डॉक्टरांच्या नव्हे, आम्हा घरच्यांच्याही नव्हे! त्यानंतर एक्स-रे निघाला आणि नागपूरचा रस्ता धरावा लागला.

तेथे एका ठिकाणी घाईघाईने गाठीचा तुकडा काढण्यात आला. सुई किंवा छेद ज्या वाटेने जातो ती वाट पुढे शस्त्रक्रियेत गाठीबरोबरच काढून टाकावी लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. वाट चुकीची निवडली गेल्यामुळे पुढील शल्यविशारदांना अधिक स्नायू आणि त्वचा काढावी लागली. म्हणून माझी पहिली विनंती ही की, जेथे शस्त्रक्रिया व्हायची तेथेच तुकडा काढू द्यावा. हाडाच्या गाठीच्या बाबतीत ही क्षुल्लक बाब नाही. कित्येकदा पाय वाचणे अथवा न वाचणे यावर ठरते.

अखेर आम्ही मुंबईस परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पोचलो. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. निदान झाले ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाड तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो बहुधा वाढत्या वयात होतो आणि निम्म्याहून अधिक वेळा गुडघ्याच्या वरच्या किंवा खालच्या हाडात होतो, कारण उंची वाढण्याचे काम तेथेच सर्वांत वेगाने चालते. तो पसरतो तो प्रामुख्याने फुप्फुसांत.

यावरील एक जुने औषध मेथोट्रेक्झेट. ते फार मोठ्या मात्रेत द्यावे लागते, रक्तातील प्रमाण वारंवार मोजावे लागते, रुग्णालयात राहावे लागते आणि खर्च वाढत जातो. टाटातील डॉक्टरांनी ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन व आयफॉस्फमाइड या तीन औषधांचा 'ओजीएस-१२' नावाचा क्रम बसवला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. आपल्या ऐपतीचा विचार करून आपल्याच राज्यातील डॉक्टरांनी हा मार्ग काढला, याचा मला अभिमान वाटतो. पाय न कापता रोगट हाड काढून धातूचा सांधा बसवण्याची सोयही झाली असून, भारतात तयार होणारे सांधे परदेशी सांध्यांहून पुष्कळ स्वस्त आहेत. आमचा नातू आज किंचित लंगडतो, मांडी घालून बसता येत नाही म्हणून सामायिक खुर्चीवर बसून करतो आणि दुकानाची खातेवही माझ्यापेक्षा नीटनेटकी ठेवतो.

आता ज्या कारणासाठी मी मुख्यतः उभा राहिलो त्याकडे वळतो. मुलगा बरा होऊन आल्यावर त्याच्या मोठ्या बहिणीचे जवळजवळ ठरलेले स्थळ परत गेले. कारण सांगितले गेले की, 'यांच्या घरात हाडाचा कर्करोग आहे, तो रक्तातून येतो.' त्या मंडळींवर मला आज रोष नाही. परंतु हे खरे की खोटे याचा छडा लावायचा मी तेव्हाच निश्चय केला आणि त्यासाठी पेशीच्या आत डोकावावे लागले.

प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात आणि त्यांवर जनुके, म्हणजे पेशीने काय विणावे याचे नमुने. पेशी दुभंगताना सारा नमुना नव्याने उतरतो, त्यात क्वचित धागा तुटतो. टीपी-५३ नावाचे जनुक गिरणीतल्या तपासनिसासारखे आहे. खराब ठाण दिसले की माग थांबवायचा, दुरुस्त होत नसेल तर माल रद्द करायचा. आरबी-१ हे दुसरे जनुक मागाचा ब्रेक. ऑस्टिओसार्कोमात बहुधा हा तपासनीसच नाहीसा झालेला असतो, पुष्कळदा ब्रेकही. मग गुणसूत्रांचे तुकडे होऊन कसेही जोडले जातात. दोन रुग्णांच्या गाठी या बाबतीत सारख्या आढळत नाहीत.

औषधाची अडचण येथेच आहे. कर्करोगावरील नवी 'नेमकी' औषधे बहुधा एखादी वस्तू जास्त झाली असेल तर तिला अडवतात. येथे मूळ दोष जास्त झालेल्या वस्तूत नसून हरवलेल्या वस्तूत आहे. जे उरलेच नाही त्याला अडवायचे कसे? केमोथेरपी आल्यावर, १९८० च्या सुमारास, पसरलेला नसलेल्या ऑस्टिओसार्कोमाचे दहांपैकी सहा-सात रुग्ण वाचू लागले. त्यापूर्वी एक-दोन वाचत. पण तो आकडा त्यानंतर फारसा हललेला नाही. गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी रेगोराफेनिब व कॅबोझँटिनिब ही औषधे उलटलेल्या रोगाला काही महिने थोपवतात, असे २०१९ आणि २०२० सालच्या फ्रान्समधील चाचण्यांत दिसले. तेवढेच. 'परदेशात गोळी निघाली आहे' असे सांगून कोणी केमोथेरपी थांबवायला सुचवत असेल, तर कृपया ऐकू नका.

हाडाचे सर्व कर्करोग एकच नव्हेत. मुलांतील दुसरा प्रकार युइंग सार्कोमा. डॉ. जेम्स युइंग यांनी १९२१ साली त्याचे वर्णन केले. त्यात अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडले जातात. जणू दोन वेगळ्या ठाणांचे तुकडे शिवून भलताच ताका तयार व्हावा. हा जोड १९९२ साली नेमका ओळखला गेला. दोष एकच आणि स्पष्ट असूनही त्या जोडजनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला औषध अडकेल अशी खाच जवळजवळ नाही, म्हणून थेट औषध अजून मिळालेले नाही. कूर्चेच्या कर्करोगात आयडीएच नावाच्या जनुकाचा दोष पुष्कळांत सापडतो आणि तेथे प्रयत्न चालू आहेत.

जेथे यश आले ती गाठ म्हणजे 'जायंट सेल ट्यूमर'. ती बहुधा तरुण प्रौढांत होते, सहसा जिवावर उठत नाही, पण हाड पोखरून टाकते. २०१३ साली समजले की, हिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत एच-३ या प्रथिनाच्या जनुकात एका ठरावीक जागी चूक असते. या चुकीच्या पेशी 'रँक लिगँड' नावाचा संदेश सोडून हाड खाणाऱ्या मोठ्या पेशींना बोलावून घेतात. डेनोसुमॅब हे इंजेक्शन तो संदेशच अडवते. गाठ टणक होते, वेदना कमी होतात. त्याच वर्षी अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. मात्र औषध थांबवल्यावर रोग परतू शकतो, म्हणून शस्त्रक्रिया अवघड असेल तेथेच ते विचारपूर्वक देतात.

आता स्थळ परत नेणाऱ्या मंडळींच्या प्रश्नाचे उत्तर. युइंगमधला जोड किंवा जायंट सेलमधली चूक आईवडिलांकडून येत नाही. ती त्या एका पेशीत आयुष्यात केव्हातरी घडते. ऑस्टिओसार्कोमातही बहुसंख्य मुलांत तसेच असते. काही थोड्या मुलांत मात्र टीपी-५३ चा दोष जन्मापासूनच असतो. १९६९ साली डॉ. ली आणि डॉ. फ्रॉमेनी यांनी अशी घराणी प्रथम वर्णिली. त्यांत लहान वयातच स्तनाचे, मेंदूचे, हाडांचे कर्करोग अनेकांना होतात. डोळ्याचा रेटिनोब्लास्टोमा झालेल्या मुलांतही पुढे हाडाचा धोका वाढतो. घरात असा इतिहास असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये, जनुक तपासणीचा सल्ला घ्यावा. तसे नसेल तर महागडी तपासणी करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हिच्या उत्तराने उपचार बदलणार आहेत काय? आमच्याकडे डॉक्टरांनी चार पिढ्यांचा इतिहास विचारून घेतला, तसे काही निघाले नाही. आमच्या मुलीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. पण त्या दीड वर्षात वहिनींनी समाजाच्या एकाही कार्यक्रमास पाऊल टाकले नाही, हे मी विसरू शकत नाही.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात आणखी एक समज आहे : विहिरी-बोअरच्या पाण्यातील फ्लोराईडमुळे हा रोग होतो. फ्लोराईडने दात पिवळे पडतात, हाडे व सांधे ताठर होतात आणि त्यावर शुद्ध पाणी हाच उपाय आहे. परंतु कर्करोगाचा संबंध सिद्ध झालेला नाही. हार्वर्डच्या एका अभ्यासात २००६ साली मुलग्यांबाबत तशी शंका व्यक्त झाली होती. २०११ साली तेथीलच संशोधकांनी हाडांतील फ्लोराईड प्रत्यक्ष मोजून पाहिले, तेव्हा संबंध आढळला नाही.

'अशुभ कर्माचा उदय आहे, भोगलेच पाहिजे' असेही आम्हाला सांगण्यात आले. कर्मसिद्धांतावर माझी श्रद्धा आहे. पण त्याच सिद्धांतात पुरुषार्थालाही स्थान आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला तीन महिने तेल चोळत ठेवण्यास कर्माचा आधार देणे मला पटत नाही.

विश्वस्त मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची बिले मंजूर होतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांना साहाय्य मिळते, मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्णांना निवारा देते. अडते ते त्याआधी : सिरोंचा किंवा भामरागडहून पहिला एक-दोन हजारांचा प्रवास, पहिला एक्स-रे, सोबत जाणाऱ्याची बुडणारी मजुरी. निधीतील काही रक्कम या पहिल्या पंधरवड्यासाठी राखावी आणि ती केवळ समाजापुरती न ठेवता आपल्या दुकानांत, गोदामांत काम करणाऱ्यांच्या मुलांनाही द्यावी. मुलाच्या गुडघ्याचे किंवा खांद्याचे दुखणे रात्री वाढत असेल, दोन-तीन आठवड्यांत थांबत नसेल, सूज दिसत असेल, तर मालिश बंद आणि एक्स-रे, एवढा एक कागद शाळांतून आणि आपल्या प्रत्येक दुकानाच्या गल्ल्याजवळ लावता येईल. छपाईचा खर्च मी देतो.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे; मुंबईस जाण्यापूर्वी तेथे विचारणा करता येते. कोणास कागदपत्रे, रेल्वेचे सवलतीचे फॉर्म किंवा परळला कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे याविषयी काही विचारायचे असल्यास दुकान रात्री आठपर्यंत उघडे असते. मी नसलो तर नातू असतो, आणि त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. जय जिनेंद्र.