खालच्या डेकवरचा माणूस आणि वयाचा हिशेब

कॅप्टन जेम्स कुक १७५५ साली ब्रिटिश आरमारात शिरला तो साधा खलाशी, म्हणजे खालच्या डेकवरचा माणूस म्हणून. कोळशाच्या जहाजांवर तयार झालेला हा गडी दोन वर्षांत ‘मास्टर’ झाला. जहाज कुठून कसं न्यायचं ही सगळी जोखीम त्याच्यावर. सेंट लॉरेन्स नदीच्या नकाशांवर त्याने काम केलं, न्यूफाउंडलंडचा किनारा मोजला. तरी कमिशन मिळून लेफ्टनंट व्हायला १७६८ साल उजाडलं. ‘एंडेव्हर’ जहाज त्याला घेऊन सफरीवर निघायच्या तोंडावर! तेव्हा त्याचं वय होतं ३९.

एकोणिसाव्या शतकात तर खलाशातून अधिकारी होण्याची ही वाट जवळजवळ बुजलीच. गनर, बोसन, सुतार यांना वॉरंट मिळे आणि बहुतेकांची बढती तिथेच संपे. विसाव्या शतकाच्या आरंभी अधिकारी घडत ते ऑस्बोर्न आणि डार्टमथच्या नौदल शाळांत. पोरगा तेराएक वर्षांचा असतानाच तिथे घालायचा आणि बापाने वर्षाला ७५ पौंड भरायचे. खलाशाच्या घरात एवढा पैसा कुठला?

१९१२ मध्ये चर्चिल नौदलाचे मंत्री असताना ‘मेट’ योजना आली आणि निवडक खलाशांना ऐन उमेदीत कमिशन मिळू लागलं. हा निर्णय मी मोठा मानतो. पण खरी गोम पुढे आहे. लेफ्टनंट म्हणून आठ वर्षं भरली की लेफ्टनंट-कमांडर हा हुद्दा आपसूक मिळे; त्यावरचा कमांडर मात्र निवडीने. डार्टमथचा मुलगा त्या उंबऱ्याशी तिशीच्या आसपास पोचे, मेट तिथे येईस्तोवर चाळिशीकडे झुकलेला असे. मग ज्याच्यापुढे अॅडमिरल होण्याइतकी वर्षं शिल्लक, त्याचं पारडं जड. कुणाचं कूळ काढायची गरजच उरत नसे. वयाचा आकडा ते काम परस्पर उरकी.

त्यातूनही बेंजामिन मार्टिन वर आला. पोरवयात भरती झालेला हा खलाशी २७ मे १९४१ रोजी ‘डॉर्सेटशायर’ क्रूझरचा कॅप्टन होता. जर्मनांची युद्धनौका ‘बिस्मार्क’ जळत होती. मार्टिनने एका बाजूने दोन टॉर्पेडो सोडले, वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूने तिसरा मारला. पुढे तो व्हाइस-अॅडमिरल झाला. असे किती मार्टिन वयाच्या रकान्यात अडकून निवृत्त झाले असतील, या विचाराने मला आजही चैन पडत नाही.

हा प्रश्न नुसत्या बढतीचा नाही. आपल्या मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी बंड पुकारलं, तेव्हा अन्न आणि पगाराइतकाच अधिकाऱ्यांच्या वागणुकीचा संताप त्यात होता. खालच्या डेकवर राहिलेला माणूस अधिकाऱ्यांत असला, तर तो संताप आधीच वर पोचतो. आज भारतीय नौदलात खलाशाला कमिशनची वाट आहे, अनुभवी माणसांसाठी ‘स्पेशल ड्यूटीज’ची यादीही आहे. माझं मागणं एवढंच, की ज्येष्ठता मोजताना खालच्या डेकवर काढलेल्या वर्षांचा काही हिस्सा अशा अधिकाऱ्याच्या खाती जमा व्हावा. त्यासाठी बढतीच्या वयाच्या अटी सैल कराव्या लागतील, आणि त्या खुशाल कराव्यात.