लाभांश शून्य, साखर पण नाही

आज थोडं घरचं आणि थोडं अमेरिकेचं. मी एका अमेरिकन फुटबॉल टीमचा मालक आहे. हसू नका, कागद आहे माझ्याकडे.

टीम म्हणजे ग्रीन बे पॅकर्स. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं लाखभर वस्तीचं गाव. एनएफएलच्या बाकी टीम श्रीमंत मालकांच्या, ही मात्र १९२३ पासून लोकांची. पैसा कमी पडला की शेअर काढतात. शेवटचे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये काढले, ३०० डॉलरला एक, वर फी ३५. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी मिलवॉकीत होतो. ऑफिसातले सगळे घेत होते, मीपण घेतला.

रात्री बाबांना फोन केला. पहिला प्रश्न, "लाभांश किती?"

शून्य.

"भाव तरी वाढेल?"

नाही. बाहेर कुणाला विकताच येत नाही. घरच्यांना देता येतो, टीमला परत दिला तर नावापुरते पैसे. मॅचचं तिकीटही मिळत नाही, त्याची वेटिंग लिस्ट वेगळी आणि ती लाखाच्या वर.

"अरे मग दिवाळीला साखर तरी देतात का?"

बाबा आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे सभासद. सवलतीची साखर, वार्षिक सभा, सभेतली भांडणं, हे सगळं मी लहानपणी बघितलंय. पुढे कारखाना कर्जात बुडाला, लिलाव झाला, खाजगी मालक आला. बाबांचा शेअरचा दाखला अजून कपाटात आहे, लग्नाच्या अल्बमखाली. ते त्याबद्दल बोलत नाहीत.

त्यामुळे फोन ठेवल्यावर मी शेअरची माहितीपत्रिका नीट वाचायला बसलो. (आधी वाचायला पाहिजे होती, मान्य.) खरं सांगतो, कागदावर बघितलं तर कारखाना जास्त लोकशाहीवाला. तिथे माणशी एक मत, इथे शेअरला एक. साधारण ५२ लाख शेअरमध्ये माझं एक. कोच कोण, खेळाडू कोण, मला कुणी विचारत नाही. कारभार कार्यकारी समिती बघते.

पण दोन अटी बघा. एका माणसाला २ लाखांपेक्षा जास्त शेअर घेता येत नाहीत. आणि टीम कधी विकलीच, तर उरलेला पैसा धर्मादाय फाउंडेशनला जातो, भागधारकाला एक सेंटही नाही. म्हणजे विकून कुणाचंच भलं होत नाही. १९८४ साली बाल्टिमोरच्या मालकाने रातोरात ट्रक भरून टीम इंडियानापोलिसला नेली. सकाळी गाव उठलं तर टीम गायब! ग्रीन बेमध्ये तो ट्रक बोलवायचा कुणी? आणि कशासाठी?

अशी दुसरी टीम आता होणारही नाही. एनएफएलच्या नियमात हे बसत नाही, पॅकर्स जुने म्हणून चालून जातं.

हे सगळं मी बाबांना समजावलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या पोटनियमात असं काही नव्हतं रे."

मी परत आल्यावर माझा दाखला त्यांनी मागून घेतला. आता त्यांच्या दाखल्याशेजारी असतो. पॅकर्स दरवर्षी हिशेब जाहीर करतात, बाकी ३१ टीम करत नाहीत. टीम जिंकली की हरली ते बाबांना माहीत नसतं. जुलै आला की मात्र फोन येतो, "यंदा कर्ज किती दाखवलंय?"